नख अडकलं तर

डाव्या बाजूला, मागच्या दरवाजाच्या मुठीखालून
पेट्रोलच्या झाकणापर्यंत,
एक वीत आणि वर चार बोटं.
टेप पर्समध्ये असून मी हातानंच मोजलं,
सातव्या महिन्यातलं पोट मोजावं तसं.
मध्ये एक खळगा, बाळाच्या टाळूएवढा.

घरी सांगितलं, देवणीच्या बैलबाजारात कुणीतरी घासून गेलं.
एवढी जनावरं, एवढे टेम्पो, धरणार कुणाला?
पटलं सगळ्यांना.

विम्याच्या पोरानं फोनवर हिशेब मांडला:
क्लेम घेतला की पुढच्या हप्त्यातली सूट गेली.
म्हणजे आपल्याच खिशातून आपल्याला मदत.
दीर म्हणाले, अख्खी बाजू मारून घ्या वहिनी,
विकताना बरं दिसतं.
विकतंय कोण?
उपकेंद्रातली आशा म्हणाली, टूथपेस्ट लावा सिस्टर,
आणि न्हाईच गेलं तर वरून फुलाचं स्टिकर.
आठ दिवस मी ती बाजू भिंतीकडं करून
गाडी लावत राहिले.
उजव्या बाजूनं पाहिलं तर काहीच झालं नव्हतं.

बिदर रोडला, टायरवाल्याच्या मागं, कदीर मिस्त्री.
चहा संपेपर्यंत बोलला नाही.
मग अंगठ्याचं नख ओरखड्यावर आडवं फिरवलं,
डोळे मिटून,
आम्ही पोटाला कान लावून ठोके ऐकतो तसं.
"नख अडकलं तर रंग. न्हाई अडकलं तर फडकं.
कामून घाबरलालाव?"

फडक्यावर चिमूटभर रबिंग, थोडं पाणी.
घासत गेला तसतसं फडकं हिरवं झालं.
"हे तर तुमचं न्हाईच, बाई. फाटकाचं हाय.
कुठल्या फाटकाचं?"

मी ग्लासातला गाळ बघत बसले.
रात्रीचे दोन, रिव्हर्स, मागच्या सीटवर शिवकांता,
सासू म्हणते हळू घ्या,
सासू म्हणते लवकर घ्या,
आणि आमच्याच उपकेंद्राचं फाटक, अर्धं उघडं.
आवाज आला होता. मी थांबले नाही.
"आमच्याच," मी म्हणाले.
त्यानं मान हलवली, जणू मी गाडीचं मॉडेल सांगितलं.

फडकं फिरून झालं तेव्हा उरली बोटभर रेघ,
नख अडकत होतं तिथं,
आणि एका टोकाला तिळाएवढा उघडा पत्रा.
दरवाजा पूर्ण मारायचे साडेतीन हजार, दोन दिवस,
पुट्टी, प्रायमर, रंग, वर लॅकर.
मी हो म्हणणारच होते.
त्यानं पेट्रोलचं झाकण उघडलं.

आतली कड लाल होती.
शोरूममधून आणली त्या दिवशीची लाल,
एरिअर्सचे पैसे, माझी सही, पेढे मीच वाटलेले.
बाहेरची सहा उन्हाळे अंगणात उभी राहून
भिजवून वाळवलेल्या लुगड्यासारखी झालेली,
आणि मला पत्ताच नव्हता.
"डब्यातून निघंल तो ह्यो, आतला.
एक दरवाजा नवा केला
की बाकीचे तीन जुने झाले समजा."

कडा जुळत असतील, रक्त थांबलं असेल
तर टाका घालायचा नाही, एवढं मी
वीस वर्षं पोरींना शिकवत आले.
म्हटलं, तीळ तेवढा झाका. गंज धरू नये.
खळगा?
राहू द्या.

काडीला कापूस गुंडाळून त्यानं प्रायमर लावलं,
बारीक ब्रशनं रंग.
एकशे ऐंशी रुपये. चहाचे घेतले नाहीत.
उन्हात बघा, म्हणाला, सावलीत सगळंच जुळतं.
उन्हात दिसतं. ठिपका जरा जास्तच लाल आहे.

घरी अजून बाजाराचंच चालू आहे. सांगेन.

शिवकांताची पोरगी परवा डोसाला आली, रडली नाही.
ती गेल्यावर मी फाटकापाशी गेले.
हिरव्यावर माझा लाल तसाच होता,
एक वीत आणि वर चार बोटं.
ग्रामसेवक म्हणतो, पुढच्या निधीत फाटक रंगवून घेऊ.
मी अंगठ्याचं नख लावून पाहिलं.